उजवीकडची स्क्रीन

पाण्याच्या मशीनपाशी ती गर्रकन वळली आणि नवरदेवावर आदळली. निम्मा पेला त्याच्या शर्टावर गेला. महिन्यापूर्वी पहिल्याच दिवशी कोट घालून आला, म्हणून ऑफिसने त्या बिचाऱ्याचं नाव नवरदेव ठेवलं होतं. आता नवरदेव भिजलाही.

माफी मागायची सोडून ती रडकुंडीला आली. थोड्याच वेळात बैठक होती. नदीवरचा पादचारी पूल पाडायचा की ठेवायचा, ते तिथे ठरणार होतं. पूल अजून धडधाकट आहे हे तिने आठवडाभर साइटवर राहून मोजलं होतं, पण परत आल्यापासून ग्राफ काही केल्या दिसेना. आकडे बरोबर, प्रोग्राम कुठे चूकही दाखवत नाही, आणि स्क्रीन कोरी. नुसते आकडे वाचून दाखवले तर समिती कशाला ऐकून घेतेय?

"मी... बघू का?" शर्ट झटकत तो म्हणाला.

त्याने खुर्ची ओढली. रेषेचा रंग चुकून पांढरा तर नाही ना, अक्षावरचे आकडे भलतीकडे तर गेले नाहीत ना, सगळं पाहून झालं. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, तरी ढिम्म. त्याच्या ओल्या बाहीला साबणाचा वास येत होता, आणि असल्या वेळी आपल्याला तो कळतोय याचा तिला स्वतःचाच राग आला.

मग त्याने माउस खालच्या पट्टीवर नेला. तिथे ग्राफची खिडकी चांगली उघडी दिसत होती. त्याचे कान लाल झाले.

"ग्राफ उघडतोय," तो हळूच म्हणाला. "तुमच्या उजवीकडच्या स्क्रीनवर. ती अजून जोडलेलीच आहे असं कॉम्प्युटरला वाटतंय."

"ती कुणीतरी उचलून नेली. मी साइटवर होते तेव्हा."

"मी नेली."

त्याने दोन-तीन बटणं दाबली आणि उजव्या कडेतून ग्राफ सरकत आत आला. पुलावरून माणसं चालली की रेषा जराशी थरथरायची आणि लगेच शांत व्हायची. तिने तो छापला आणि बैठकीकडे धूम ठोकली.

साहेबांनी चष्मा वर करून ग्राफ पुन्हा पुन्हा पाहिला. पूल राहिला. ती बाहेर आली ती तरंगतच... आता नवरदेवाची खबर घ्यायची बाकी होती.

तो तिच्याच टेबलावर स्क्रीन परत जोडायला आला होता.

"स्टोअरमध्ये स्क्रीन धूळ खात पडल्यात," ती म्हणाली. "माझीच कशाला नेलीत?"

त्याने केबल या हातातून त्या हातात घेतली. "माझं टेबल समोर आहे. हिच्याआड... तुम्ही दिसत नव्हता."

चिडायचं तिने ठरवलं होतं, पण हसू काही आवरेना. तो तिला आवडला होता, चांगलाच आवडला होता. तिने केबल त्याच्या हातातून घेतली, नीट गुंडाळली आणि स्क्रीनसकट त्याच्या हवाली केली.

"घेऊन जा परत. माझं एकीवर भागतं," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी पुलावर फिरायला चला. दोघांचं वजन तो आरामात पेलतो... माझ्याकडे ग्राफ आहे."