चोवीस भुंगे

अर्जुनी मोरगावहून सुटलेल्या एसटीत मांडीवर चार पिवळे प्लास्टिकचे सापळे घेऊन बसलेली मुलगी म्हणजे मी. रंजिता रामटेके, राहणार मुर्री, हुद्दा कृषीसेवक. शेजारचा माणूस आधी सापळ्यांकडे बघायचा, मग माझ्याकडे, मग पुन्हा सापळ्यांकडे. वाटलं, बघून बघून गप्प बसेल. पण गप्प बसणाऱ्यातला तो नव्हताच.

"हे का होय जी?"

"सापळे."

"उंदरायचे?"

"भुंग्यांचे. कामगंध सापळे."

हा शब्द मी नेहमी हळूच म्हणते. सरकारी पुस्तकात ज्यानं कुणी तो घातला, त्याला एकदा भरलेल्या एसटीत उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं पाहिजे. नेमकं तेव्हाच रेल्वे फाटक पडलं, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, आणि माझं 'कामगंध' सगळ्या गाडीनं ऐकलं.

"कामगंध..." तो विचारात पडला. "म्हंजे रोजगार हमीचं काही?"

मागची बाई लगेच पुढं वाकली. "फारम कुठी भेटते वो बाई?"

"रोजगार हमी नाही हो," मी दात आवळून म्हटलं. "मादी भुंग्याचा वास रबराच्या तुकड्यात भरलेला असतो. त्या वासावर नर येतो आणि सापळ्यात पडतो."

"अन् मादी?"

"मादी नसतेच. नुसता वास."

तो हळहळला. नाटक नाही, खरंच हळहळला. "मंग हे त चारशेवीसी झाली, मॅडम. बिचारा एवढ्या दुरून उडून येते, अन् घरी कोनीच नाही."

मी खिडकीकडे तोंड वळवलं. हसू आलं होतं, आणि कृषीसेवकानं लाभार्थ्यासमोर हसायचं नसतं असं मला उगाच वाटायचं. तोंड वळवूनच विचारलं, "लोकेश शहारेंचं रताळ्याचं शेत कुठं येतं, माहिती आहे?"

"माहिती आहे ना. मीच लोकेश."

तर अशी ओळख झाली. तो दोन हजार बाराचा डिसेंबर.

शेत तळ्याच्या काठाला. महाशिवरात्रीला जवळच्याच प्रतापगडच्या यात्रेत रताळी विकायची हा शहाऱ्यांचा दरवर्षीचा नेम. यंदा वेलांवर सोंड्या भुंगा दिसला होता. मुंगीएवढा, निळसर काळा, मधे लाल, पुढं चिमुकली सोंड. त्याच्या अळ्या रताळं आतून पोखरतात आणि ते कडूझार होतं. मी चारही कोपऱ्यांत काठ्या रोवून सापळे टांगले आणि नियम समजावला. रोज सकाळी पडलेले भुंगे मोजून मला फोन करायचा. एकूण वीसच्या आत असले तर मी वहीत लिहिणार. वीसच्या वर गेले तर स्वतः पाहायला येणार.

"वीसच्या वर," त्यानं दोनदा विचारून घेतलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

माझ्या कृषीसेवकपणाची तीन वर्षं मार्चमध्ये भरत होती. आमचे मंडळ अधिकारी यादोराव बिसेन साहेब शिफारस लिहिणार, मग मी कायम होणार. वहीत एक खोटी नोंद सापडली की संपलं. हे मला झोपेतही पाठ होतं.

पहिला आठवडा फोन आले, "सहा", "नऊ", "सात". दुसऱ्या सोमवारी आवाज एकदम जड झाला. "मॅडम... चोवीस."

मी धावत गेले. सापळे रिकामे.

"कोंबड्यायले टाकले," लोकेश म्हणाला.

कोंबड्या मात्र भुकेल्या दिसत होत्या. त्याच्या आईनं, फुलवंताबाईंनी, चुलीत भाजलेली रताळी आणि कोरा चहा दिला. लोकेश समोर बसून रताळं सोलून माझ्या ताटलीत ठेवत होता आणि स्वतः सालं खात होता.

"तुम्ही सालं का खाता?"

"गोड लागून राहिली ना आज."

बुधवारी सव्वीस. मी गेले. शनिवारी एकतीस. गेले. घरी आईनं विचारलं, शेतकऱ्याकडे जाताना एवढा वेळ आरशासमोर कायले लागते? मी म्हटलं, ऊन फार असतं, पावडर लावते. थंडी एवढी होती की बाबा शेकोटी सोडत नव्हते.

पुढच्या सोमवारी लवकरची गाडी मिळाली. म्हटलं, आज मोजायच्या आधीच पोचू. शेतात कुणी नव्हतं. मी चारही सापळे उघडून पाहिले. एकात दोन, एकात एक, बाकी दोन रिकामे. तीन भुंगे, एवढंच. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मॅडम, लोकेश बोलून राहिलो. आज चोवीस निघाले जी. लय वाढून राहिले."

"कुठून बोलताय?"

"शेतातून ना. सापळ्यापाशीच उभा आहो."

मीही सापळ्यापाशीच उभी होते. त्याला झापायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते... "बरं. येते मी."

मग काय केलं? सांगायला लाज वाटते. वहीत चोवीस लिहिलं. परत स्टँडवर जाऊन तासभर बाकावर बसले, आणि नंतरच्या गाडीतून आताच उतरल्यासारखी त्याच्या घरी गेले. त्यानं विचारलं, "गाडी वेळेवर भेटली?" मी म्हटलं, "हो, अगदी." दोघंही पक्के लबाड.

असं महिनाभर चाललं. जानेवारीच्या शेवटी एका सकाळी शेताच्या बांधाशी जीप थांबली. बिसेन साहेब उतरले, त्यांच्या हातात माझी वही.

"अरे भाई, चोवीस, सव्वीस, एकतीस. जिल्ह्यात कुठंच इतके नाहीत. वरून विचारणा आली. दाखवा सापळे."

सापळे उघडले. चारांत मिळून दोन भुंगे. साहेबांनी वेल उपटायला लावला, रताळी मोडून पाहिली. आतून एकदम स्वच्छ. मग मोठ्यानं विचारलं, "ही नोंद कुणाची?"

गेली तीन वर्षं पाण्यात.

लोकेश पुढं झाला. "साहेब, आकडे मी सांगितले. सारे खोटे. मॅडमची काही चुकी नाही, त्याईले काहीच माहीत नव्हतं."

"खोटे? काऊन?"

एसटीत ज्याचं तोंड बंद होत नव्हतं, तो गडी मातीकडे बघत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "वीसच्या वर सांगितलं त... मॅडम येतेत."

जीप पाहून ताटली घेऊन आलेल्या फुलवंताबाईंनी साहेबांच्या हातात गरम रताळं ठेवलं. साहेबांनी ते खाल्लं. चव घेत माझ्याकडे वळले. "म्हणजे तुम्हाला फसवलं यानं. ठीक आहे. तसं दोन ओळींत लिहून द्या. मी शिफारस करतो."

दोन ओळी. लिहिल्या की मी कायम. लोकेशनं मान वर करून डोळ्यांनीच खुणावलं, लिहा. आणि मला त्याचा असा राग आला... माझ्या वाटणीचं खोटंही हा स्वतःच्या डोक्यावर घेऊन उभा. आवडतो मला हा माणूस, दुसरं काय.

"मला माहीत होतं, साहेब," मी म्हटलं. "मी सापळ्यात तीन पाहिले आणि वहीत चोवीस लिहिले. तीन लिहिले असते तर मला यायला मिळालं नसतं."

लोकेश आ वासून बघत राहिला. साहेबांनी वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"रामटेके, माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असा खुलासा मी ऐकला नाही," ते म्हणाले. "खरं बोललात म्हणून वर कळवत नाही. पण शिफारसही आता करता येणार नाही. सहा महिने थांबा, याच गावात. नीट मोजा, नीट लिहा. तोवर तुम्ही कायम नाही."

डोळ्यांत पाणी आलंच. फुलवंताबाईंनी हातातली ताटली खाली ठेवली आणि माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या हापिसात नसन जी, साहेब," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी पोरगी कायम समजा."

साहेब खोकत जीपकडे निघाले. लोकेशचे कान लालभडक झाले होते. दोनदा तोंड उघडून त्यानं दोनदा मिटलं. याच्या भरवशावर राहिले तर रताळ्याला कोंब फुटतील, हे मी ओळखलं.

"रविवारी मुर्रीले या," मी म्हटलं. "दोघंही. बाबा घरीच राहतेत."