नरसिंहाच्या पाठीमागची थापी

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. पण हे घडलंय. ज्यांच्या बाबतीत घडलं ते मार्तंडराव खानवलकर आजही झाशीला, सीपरी बाजारात राहतात.

साल १९९४. मार्गशीर्षातला रविवार. रात्र नव्हती, अमावस्याही नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते.

मार्तंडराव सकाळपासून वैतागलेले होते.

त्यांचा मेहुणा, म्हणजे बायको कमलबाईंचा भाऊ श्रीकृष्ण, रस्त्याकडेच्या सिमेंटच्या अवाढव्य मूर्ती घडवायचा. पाच वर्षांपूर्वी मार्तंडरावांनीच त्याला भरल्या ताटावरून उठवलं होतं. "हे गवंडीकाम सोड, नाहीतर माझा उंबरा चढू नकोस!"

तो गेला. मग ना पत्र, ना निरोप.

आणि परवा शेजारचा ट्रकवाला जयसिंग कमलबाईंना म्हणाला, "दीदी, आपके भैया को कानपुर रोड पर देखा. बड़ी मूर्ति पर चढ़े थे."

झालं. कमलबाईंनी नवऱ्याला स्कूटर काढायला लावली.

पहिला लागला चाळीस फुटी हनुमान. पुजारी म्हणाला, "मिस्त्रीजी? अभी-अभी निकले. आगे शंकरजी पर मिलेंगे."

शंकराच्या पायथ्याशी चहावाली. "अरे, बस अभी गए! एरच के मोड़ पर नरसिंह भगवान बन रहे हैं, वहीं होंगे."

"खेळवतोय आपल्याला!" मार्तंडराव कडाडले. "सूड उगवतोय माझ्यावर."

"अहो, एवढं आलोय तर..."

"हे शेवटचं. तिथे नसला तर सरळ घरी."

एरचच्या फाट्याजवळ हरभऱ्याच्या शेतात नरसिंह उभा होता. धड पूर्ण. डोकं अजून बसवलेलं नव्हतं. मानेतून नुसत्या सळया वर आलेल्या.

आसपास चिटपाखरू नव्हतं.

आणि मूर्तीच्या मागून आवाज आला...

खर्र... खर्र...

सिमेंटवर गवंड्याची थापी फिरत होती.

"श्रीकृष्ण!" कमलबाई धावल्याच.

"थांब. तू डावीकडून ये, मी उजवीकडून. बघू आता कुठे पळतो."

चौथरा मोठा होता. दोघं दोन बाजूंनी निघाले. आवाज दोघांच्या मधोमध चालूच होता.

मागच्या बाजूला दोघं समोरासमोर आले.

मध्ये कोणीच नव्हतं.

खर्र... आता आवाज पुढून येत होता.

मार्तंडरावांचं डोकं फिरलं. "तू इथून हलू नकोस. मी धरतो त्याला!"

ते धावत पुढे आले. कोणी नाही. तसेच वळसा घालून मागे आले...

कमलबाई तिथे नव्हत्या.

"कमल?"

थापीचा आवाज थांबला होता. सडकेवरच्या ट्रकांचाही आवाज येईना. वारा पडला होता.

"अगं, कमल! तूही खेळतेस का माझ्याशी?"

त्यांनी पुन्हा फेरी मारली. पुढे स्कूटर. मागे मोकळी जागा.  मग तिसरी फेरी.

आणि कमलबाई तिथेच उभ्या होत्या. जिथे सोडलं होतं, अगदी तिथेच. तोंडावर पदर दाबून.

"होतीस कुठे?"

"इथेच. चला... आधी इथून चला."

परतीच्या वाटेवर त्या तोंडावरचा पदर तसाच धरून मागे बसल्या होत्या. शंकर गेला, हनुमान गेला, मार्तंडरावांनी मान वळवली नाही.

जयसिंगने पुढे दोनदा चौकशी केली. श्रीकृष्ण जिवंत असल्याचीही खबर नाही, गेल्याचीही नाही. त्यामुळे त्याचं श्राद्धही घालता येत नाही. दर पितृपक्षात या घरात त्यावरून भांडण होतं.

अशाच एका भांडणात कमलबाईंच्या तोंडून त्या दुपारचं खरं बाहेर पडलं.

"मी हलले नव्हते हो. तुम्ही दोनदा माझ्यासमोरून गेलात. मी हाका मारल्या, तुम्ही पाहिलंही नाहीत. आणि तुमच्या मागून..."

"मागून काय?"

"श्रीकृष्ण चालत होता. अगदी खांद्याला लागून. तुमच्या कानात काहीतरी सांगत होता."

मार्तंडराव हसले. म्हणजे, हसायचा प्रयत्न केला. "मला तर काही ऐकू आलं नाही."

कमलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मग दोन्ही वेळा मान डोलवून हो-हो कशाला म्हणत होतात?"