गुडघ्याएवढ्या उंचीवरचा ससा

माझ्या गोष्टींतल्या निम्म्या माशांनी वसईची खाडी कधी पाहिलेली नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ही गोष्ट मात्र मी घरात सांगितलेली नाही.

दुबईत, जुमेरा लेक टॉवर्सच्या तेविसाव्या मजल्यावर मी मुलाकडे राहतो. सॅव्हियो आणि सून लिनेट. लग्नाला नऊ वर्षं झालेली, मूल नव्हतं. समोरच्या फ्लॅटमध्ये मिसेस झाओ, माझ्याच वयाच्या.

चिनी नववर्षानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला त्यांनी दाराबाहेर कंदील लावला. लाल कागदाचा ससा, आत बॅटरीचा दिवा. टांगला होता जेमतेम माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. मला वाटलं, म्हातारीचा हात वर पोचत नसेल.

संध्याकाळी लिफ्टमध्ये एक चिनी तरुण भेटला. मी कंदिलाचा विषय काढला.

"आमच्याकडे मूल हवं असलं की शेजाऱ्याचा कंदील चोरतात, अंकल. पलंगाखाली ठेवतात. मालक रागावत नाही, उलट खूश होतो."

मी चोरला. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, शर्टाखाली दडवून. लिनेटच्या पलंगाखाली, सूटकेसमागे सरकवला.

दुसऱ्या सकाळी मिसेस झाओ वाटीत तांदळाच्या पिठाचे गोळे घेऊन आल्या.

"आमच्या उत्तरेत हे वळत नाहीत. सारण टोपलीतल्या पिठात घोळवायचं. माझा कंदील पाहिलात?"

"वाऱ्याने उडाला असेल."

"कॉरिडॉरमध्ये?"

मग मला थांबताच येईना. म्हणालो, सफाईवाल्या अलीमियाँना काल काहीतरी लाल नेताना पाहिलं. काळी पिशवी, डावा हात. थाप मारायची तर तपशील लागतो.

"पण तुमच्यात चोरतातच ना, मुलासाठी?" मी साळसूदपणे विचारलं.

"ते दक्षिणेत. आमच्या गावी कंदील थडग्यावर ठेवतात, गेलेल्याला उजेड दिसावा म्हणून. इथे थडगं कुठलं? म्हणून दार." त्यांनी गुडघ्याजवळ हात धरला. "माझी मुलगी. नुकती चालायला लागली होती. उजेड असेल तिथे ती जाते."

मी कंदील परत द्यायला उठलो होतो. खरंच उठलो होतो. खोलीत लिनेट पलंगावर बसलेली. हातात टेस्टची पट्टी, दोन रेघा.

"पप्पा," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

एका दिवसात कंदिलाने काय होणार, असं मी स्वतःला बजावलं. आणि तरी तो बाहेर काढला नाही.

त्याच आठवड्यात अलीमियाँची नोकरी गेली. जाताना सलाम करून म्हणाले, "आप तो मुझे जानते हैं, अंकल." मी मान डोलावली.

बॅटरी आठ महिने टिकली. शेनॉन जन्मली त्या दिवशी विझली.

मिसेस झाओ मायदेशी गेल्या. त्यांच्या दाराबाहेरच्या भिंतीला नवा रंग लागला, हुकाची खूणही बुजली.

शेनॉन आता चालते. लिफ्टमधून उतरलो की आमच्या दाराकडे वळतच नाही.

"हिला स्वतःचं घर कळत नाही, पप्पा," लिनेट हसते.

"नो. होम," शेनॉन म्हणते.

समोरच्या बंद दाराशी बूट काढते, जोडून ठेवते. मग भिंतीवर, बरोबर माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, हात टेकवते.

तिला घ्यायला मी वाकतो. तिच्या बोटांच्या कडा लालसर दिसतात, दिव्यासमोर हात धरल्यासारख्या.