नऊ मिनिटांचं आवतण

"जरा धरता का हो?" असं विचारून, उत्तराची वाटही न बघता त्यानं चांगला जडशीळ संबळ सुखदाच्या मांडीवर ठेवून दिला.

इलेक्ट्रॉनिक सिटीहून सुटलेली संध्याकाळची बस, बाहेर पाऊस भुरभुरतोय, आत पाय ठेवायला जागा नाही आणि मांडीवर कातडं ताणलेली ही वाद्यांची जोडी. आता बोटं किती वेळ स्वस्थ बसणार? तिनं हळूच एक ठेका धरला.

"स्वल्प हळू," वरून आवाज आला. "एकदा तो जागा झाला की आवरत नाही."

"मग काहून दिला माझ्याकडे?"

"हात चांगले वाटले... म्हणून."

बघा, पहिल्याच भेटीत हात. सुखदानं रागानं वर बघितलं खरं. पण भिजलेल्या केसांखालचे ते डोळे असे काही हसत होते की राग कुठल्या कुठे पळाला.

नोकरीसाठी दक्षिणेत आलेली नागपूरची ही मुलगी आठवडाभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची आणि सुट्टीच्या दिवशी हेब्बाळच्या एका छोट्या स्टुडिओत गाण्यांचं मिक्सिंग करायची. तो अभिराज. येलहंक्याचं त्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ घालणारं. त्याचा 'दिवटी' नावाचा बँड होता, त्यात संबळाच्या जोडीला त्रिविक्रमची इलेक्ट्रिक गिटार होती, पहिला अल्बम करायचं डोक्यात होतं, आणि मिक्सिंगला माणूस मिळत नव्हता. तिचा स्टॉप येईपर्यंत तो मिळाला.

गाणार होती अभिराजची आत्या, सोयराबाई. बँडमधले सगळे तिला अक्का म्हणत. साठीची बाई, पण आवाज असा खणखणीत की पहिल्या दिवशी सुखदानं दचकून हेडफोनच उतरवला. अक्का गायची आणि अभिराज वाजवायचा, काचेपलीकडे बघत.

"ताल सुटतोय," सुखदा माइकवरून सांगायची.

"तुम्ही बघताय ना, म्हणून."

"बरं. डोळे मिटते."

"नको... मग तर मुळीच जमणार नाही."

"तुमचं आटोपलं की हाक मारा, मी कॉफी पिऊन येतो," असं म्हणून त्रिविक्रम खरंच उठून जायचा. चार रविवारांत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

आणि या लाडातच घोळ झाला. अल्बमचं नाव होतं 'आवतण', आणि त्यातलं मुख्य गाणं गोंधळातलं. गावोगावच्या देवांना एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं, तब्बल नऊ मिनिटं. "तू कर. मी ऐकायलासुद्धा येत नाही, इतका भरवसा आहे," अभिराज म्हणाला. सुखदानं ऐकलं. तीच ओळ, नुसती गावं बदलतायत. कोण ऐकणार एवढं? तिनं चार देव ठेवले, बाकीचे कापून टाकले आणि त्या जागी त्रिविक्रमची गिटार आणली. कानाला झकास लागलं.

अल्बम आला आणि धो धो चालला. ऑफिसातली पोरं गुणगुणायला लागली, कुणीतरी कौतुकानं भरभरून लिहिलं, लाँचच्या कार्यक्रमाची तिकिटं हातोहात संपली. मग अक्कानं तो ऐकला. कापलेल्यांत तिच्या स्वतःच्या घरची, सुटलेल्या मूळ गावची देवी होती.

"गाव सुटलं आमचं, कवाच सुटलं," ती फोनवर अभिराजला म्हणाली. "गावच्या देवाचं नाव तेवढं राहिलंय. ते घेतलं नाही म्हणजे त्या घराला आवतणच नाही. मी नाही येत कार्यक्रमाला."

अक्का नाही म्हणजे गाणं नाही. अभिराजनं सुखदाला हे सांगितलं आणि संबळ उचलून चालता झाला. भांडला असता तरी परवडलं असतं. कार्यक्रम बुडाला तर दुसरा करता येईल, पण हा माणूस गेला तर? आपलं याच्यावर प्रेम बसलंय हे तिला तेव्हा कळलं, तेही नाक पुसता पुसता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं येलहंका गाठलं. अक्का चुलीपाशी रवा भाजत होती.

"अक्का, माझं चुकलं. मी गाणं बघितलं, माणसं बघितली नाहीत."

"कुणाला विचारून कापलंस?"

"कुणालाच नाही."

अक्कानं रवा खाली उतरवला. "गाणं पुरं म्हणणार मी. मधे कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"सरी, ठरलं. आता उप्पिट खाऊन जा."

उप्पिट अभिराजनं वाढलं. तिची बशी रिकामी होऊ दिली नाही.

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं होतं. अक्का म्हणाली, "ज्यानं त्यानं आपला देव सांगायचा, मी बोलवीन," आणि सुरुवात केली आपल्या घरच्या देवीपासून. पाच देव झाले, सहा झाले. लोक चुळबुळायला लागले. मागे मिक्सरपाशी बसलेल्या सुखदानं दोन्ही हात मांडीवर घट्ट ठेवले. तेवढ्यात मधल्या रांगेतले एक काका उठले.

"सौंदत्तीची यल्लम्मा!"

अक्कानं ते नाव वरच्या वर झेललं, संबळ कडाडला. मग पुण्याची पोरं जेजुरीचा खंडोबा म्हणाली, दोन कन्नड मुली मैसूरच्या चामुंडीसाठी उभ्या राहिल्या, आणि मग रांगांमागून रांगा. कुठलं छोटंसं गाव, कुठली आडरानातली देवी. ज्यांनी आपल्या गावाचं नाव वर्षभरात उच्चारलं नव्हतं, ते बेंबीच्या देठापासून ओरडत होते. त्रिविक्रमची गिटार मागे रोंरावत होती. नऊ मिनिटं केव्हाच उलटून गेली आणि कुणाला बसायचं भान राहिलं नाही. सुखदाच्या डोळ्यांना धार लागली होती.

अभिराजनं माइक जवळ ओढला. "सुखदा... तुझी?"

"कोराडीची जगदंबा."

अक्कानं श्वास घेतला, पण त्याआधी अभिराजनंच हाक घातली. आयुष्यात कधी न गायलेला माणूस, आवाज जरा चिरकला, पण पोचला थेट शेवटच्या खुर्चीपर्यंत. अक्का थांबली. गालावर हात ठेवून हसायला लागली.

"काय रे, आपल्या घरात पोरीच्या माहेरची देवी मुलानं स्वतः कवा बोलवायची?"

"ठाऊक आहे, आत्या."

"मग सांग की सगळ्यांना."

"स्वतःच्या लग्नाच्या गोंधळात," तो म्हणाला. मिक्सरकडे बघतच म्हणाला. "माझं प्रेम आहे तिच्यावर."

सुखदा उठली. खुर्च्यांमधून वाट काढत, जिना चढून ती स्टेजवर आली. तोंड लाल, पण माइकसमोर उभी राहिली.

"माझंही आहे," ती म्हणाली, आणि नागपूरच्या घरचा नंबर लावून, स्पीकर चालू करून फोन त्याच्या हातात दिला.

"हॅलो? कोण बोलतंय?" तिकडून आईचा आवाज सगळ्या सभागृहानं ऐकला. अभिराजनं तोंड उघडायच्या आतच अक्कानं फोन ओढून घेतला.

"येलहंक्याची सोयराबाई बोलते. बाई, तुमच्या देवीला बोलवून झालंय. आता तुम्ही कवा येताय ते सांगा."