सरपटत गेलेला बाण

"बाण शोधतेयस? थांब जरा... माझी शेळी त्याची पिसं खातेय."

सोयोलमाने वळून पाहिलं. विटक्या निळ्या डगल्यातला एक तरुण शेळीच्या तोंडातून तिचा बाण ओढत होता. हिवाळा नुकताच सरला होता. माळावर गवतापेक्षा मेलेल्या जनावरांची हाडंच जास्त दिसत होती.

"असा नेम धरतेस होय?" तो म्हणाला.

"नेम शेळीवरच होता. मालक मध्ये कडमडला."

तो हसला. त्याचं नाव बादराल.

त्या दिवसापासून त्याच्या मेंढ्यांना नेमकं तिच्या सरावाच्या जागेचंच गवत आवडू लागलं.

"इथं काय गोड लागतं रे त्यांना?"

"त्यांनाच विचार ना."

"विचारलं. त्या तुझ्याकडे बोट दाखवतात."

"मेंढ्यांना बोटं नसतात..." म्हणता म्हणता त्याचे कान लाल झाले.

आमच्या माळावर मुली शाळेत जातात आणि मुलगे कळपामागे. बादराल वर्गात पहिला यायचा. तरी चौथीनंतर बापाने त्याचं दप्तर काढून हातात काठी दिली. बहीण शिकली, डॉक्टर होऊन शहरात गेली. गेल्या थंडीत त्याची आई गेली, निम्मा कळप गेला. आता थकलेल्या बापाला सोडून तो कुठे जाणार?

आणि सोयोलमाला तर जायचं होतं. उन्हाळी उत्सवात जिंकली, तर राजधानीच्या संघात जागा आणि चार वर्षांचं शिक्षण. सहा वर्षं ती याच दिवसासाठी धनुष्य ओढत होती.

उत्सवाच्या दिवशी गार झिमझिम लागली होती. साठ पावलांवर मुठीएवढ्या कातडी डब्यांची रांग मांडलेली. डबी जागची हलली की लक्ष्याजवळच्या माणसाने दोन्ही हात वर करून "उहाय!" गायचं. बाण जमिनीवरून सरपटत आला तरी चालतो. रांगेच्या एका टोकाला गावाने बादरालला उभं केलं होतं.

शेवटचा बाण उरला. एक डबी हलायला हवी होती.

सोयोलमाने दोरी ओढली. समोर तो भिजत उभा होता... लागला तर चार वर्षं शहर. चुकला तर हा माळ, आणि तो.

तिने धनुष्य अंगठाभर खाली केलं.

बाण अलीकडेच चिखलात आदळला, उसळला, सरपटत गेला आणि टोकाच्या डबीला टेकून थांबला. इतक्या लांबून काहीच हललेलं दिसेना. सगळ्यांच्या नजरा बादरालवर. तो क्षणभर खाली मान घालून उभा राहिला. मग त्याचे दोन्ही हात वर गेले. "उहा...य!" आवाज मध्येच फाटला.

घोडे बांधले होते तिथे तिने त्याला गाठलं.

"का केलेस हात वर? कुणालाच दिसलं नव्हतं!"

"मला दिसलं. बोटभर सरकली."

"बोटभर! गप्प राहिला असतास तर—"

"तू मुद्दाम खाली मारलास."

तिने नजर घोड्यांकडे वळवली.

"सोयोलमा, मला कळपासाठी थांबवलं. बापावरचा तो राग अजून जात नाही. उद्या तू माझ्याकडे तशा नजरेने पाहिलंस, तर... मी कुठे जाऊ?"

"म्हणजे मी तुला नको?"

"हवीस... फार हवीस. म्हणून तर."

पावसाने दोघांचेही चेहरे सारखेच ओले केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघाली. निघालेल्या माणसामागे दूध शिंपडतात, वाट सुखाची व्हावी म्हणून. बादराल किटली आणि पळी घेऊन आला.

"अरे वेड्या!" तिला शिकवणाऱ्या बाई खिडकीतून ओरडल्या. "हे बायकांचं काम. तुझ्या घरात कुणी बाई नाही का?"

"घरात बाईमाणूस नाही." बोलला बाईंशी, पाहिलं सोयोलमाकडे. "अजून नाही."

"चार वर्षं आहेत," सोयोलमा कशीबशी म्हणाली.

"मोजता येतं मला. चौथी पास आहे."

जीप हलली. त्याने पळीभर दूध उडवलं. वारा समोरचा, निम्मं त्याच्याच डगल्यावर आलं. तिला हसू फुटलं आणि लगेच विरलं. मागच्या काचेतून ती पाहत राहिली. किटली केव्हाच रिकामी झाली होती... तरी तो शिंपडतच होता.