दुसऱ्या नंबरची गाडी

"तिकीट नाही, पण अनवाणी पोरांना आत सोडत नाहीत," बुधाजीने पक्की बातमी आणली आणि सगळा बेत तिथेच अडला. तिघांत मिळून चपलांचे जोड होते दोन. शेवटी दहा वर्षांच्या बकुळाने आईच्या चपला चढवल्या आणि लालबागहून परळच्या मैदानापर्यंत फटक फटक करत आली.

मैदानात मोटारसायकलींचं प्रदर्शन होतं. बुधाजीला गाड्यांना हात लावायचा होता, बकुळाला लेमन प्यायचं होतं. तिसरी होती मालन. तिचं काम मात्र वेगळंच होतं. तिचा मोठा भाऊ राजाराम आज तिथल्या स्पर्धेत उतरणार होता.

राजाराम गिरणीत फिटर. मागच्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पंधरा दिवस तुरुंगात काढून आला, तर गेटवर त्याचं नाव कमी केलेलं! तेव्हापासून रोज पहाटे तो वेगवेगळ्या गेटांवर उभा राहून परत येत होता. आजची स्पर्धा साधी होती. तीन बिघडलेल्या गाड्या, तीन फिटर, अर्धा तास. ज्याची गाडी आधी सुरू होईल, त्याला कंपनीच्या कॉटन ग्रीनच्या वर्कशॉपमध्ये कायमची नोकरी.

"होणार नाही काही," राजाराम निघतानाच म्हणाला होता. "बघायला या, पण आशा धरून येऊ नका."

त्याला दुसऱ्या नंबरची गाडी मिळाली. पहिल्या नंबरवर कंपनीच्या मॅनेजरचा भाचा होता, नवी कोरी डांगरी घालून. त्याला पान्हासुद्धा नीट धरता येत नव्हता.

राजारामने प्लग साफ केला, पेट्रोल पाहिलं. ठिणगी काही पडेना. मग त्याने ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो उघडला आणि थबकला. आतला कार्बनच नव्हता. पेन्सिलीच्या टोकाएवढा कोळशाचा तुकडा, पण त्याच्यावाचून सगळी गाडी म्हणजे लोखंडाचं ओझं.

त्याने मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, तूच पाडला असशील, शोध. राजाराम गुडघ्यांवर बसून माती चाळू लागला. तिघं पोरंही वाकली. चोहीकडे गाड्यांचा असा धडधडाट चालला होता की दोन पावलांपलीकडचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

म्हणूनच मॅनेजर आणि त्याचा स्टोअरकीपर दहा पावलांवर उभे राहून बिनधास्त बोलत होते. मालनने सहज मान वर केली आणि ती बघतच राहिली.

तिचे वडील, अप्पा, बावीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, विणकाम करत होते. साचे धडधडत असताना आवाज पोचत नाही, म्हणून विणकर एकमेकांचे ओठ वाचतात. त्या आवाजाने अप्पांचे कान गेले आणि घरातही तीच भाषा आली. शेजारी म्हणायचे, या घरात भांडणसुद्धा मुक्याने होतं.

"तुकडा नीट ठेवलास ना?" मॅनेजरचे ओठ म्हणाले.

"घड्याळाच्या खिशात. भाच्याची गाडी सुरू होईपर्यंत तिथेच."

मालनने दोघांना ओढत मांडवामागे नेलं आणि वाचलेलं सांगितलं. बकुळा म्हणाली, पोलिसाला सांगू. बुधाजीने तिला वेड्यात काढलं. "काय सांगणार? ओठ वाचले? कान धरून बाहेर काढतील. त्यालाच खिशात हात घालायला लावला पाहिजे."

प्रमुख पाहुणे होते गिरगावातले एक म्हातारे डॉक्टर. बकुळा फटक फटक करत त्यांच्यापुढे गेली. तुमच्या टेबलावरचं घड्याळ मागे पडलंय वाटतं, असं तिने सांगितलं. आणि स्टोअरकीपरकडे बोट दाखवलं. "त्या काकांकडे चांगलं साखळीचं आहे."

डॉक्टरांनी त्याला बोलावलं. घड्याळ बंद आहे, असं तो चाचरत म्हणाला.

"बंद असलं तरी दाखव," डॉक्टरांनी हात पुढे केला.

पाहुण्यांना नाही कसं म्हणणार? तो दोन बोटांनी जपून घड्याळ काढू लागला. तेवढ्यात बुधाजीने मदतीचा आव आणून साखळी ओढली! पांढऱ्या टेबलक्लॉथवर घड्याळ पडलं आणि त्याच्यामागून कोळशाचा काळा तुकडा.

मालनने मग सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी तुकडा स्वतः राजारामला नेऊन दिला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि मैदानभर टाळ्या वाजल्या. मालनला रडूच आलं.

डॉक्टरांनी तिघांना शाबासकी दिली, मॅनेजरला चारचौघांत झापलं आणि राजारामला अर्जाच्या टेबलापाशी नेलं. अर्जात एक प्रश्न होता : आधीची नोकरी का सुटली?

राजारामचा हात थांबला. डॉक्टर मनाचे चांगले होते. ते त्याच्याकडे वाकले. "आजारी होतो, असं लिही बाबा. यांच्या मालकांना चळवळवाले चालत नाहीत."

राजारामने 'आजा' एवढं लिहिलंही. मग त्याने वर पाहिलं. टेबलापलीकडे तिघं उभी होती, अजून लबाडी पकडल्याच्या आनंदात. त्याने ती दोन अक्षरं खोडली आणि लिहिलं, 'सत्याग्रहात तुरुंगात होतो.'

कारकुनाने वाचलं, अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला आणि म्हणाला, "कळवू."

'कळवू' म्हणजे काय, हे गिरणगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फाटकापाशी डॉक्टरांनी तिघांना लेमन पाजलं. असेच खरे वागत राहा, म्हणाले. मालनने आपली बाटली बकुळाला देऊन टाकली.

वाटेत तिने विचारलं, "दादा, आम्ही तिथे नसतो तर तू आजारी लिहिलं असतंस ना?"



"लिहिलं असतं," तो म्हणाला.

चाळीत बातमी आधीच पोचली होती, पण अर्धीच : राजारामची गाडी सगळ्यांआधी सुरू झाली. मालनची आई रखमा गॅलरीभर साखर वाटत होती. म्हातारी माणसं खोल्यांतून बाहेर येऊन पोरांची पाठ थोपटत होती. राजाराम सरळ आत गेला.

"हात पुढे कर गो," रखमा मालनला म्हणाली आणि तिच्या तळहातावर इतरांपेक्षा दोन चिमटी जास्त साखर ठेवली. आई बघत होती, म्हणून मालनने ती सगळी खाल्ली.