तलावाचं पाणी रात्री कुठं जातं?

“अडीच बोटं! कालपासून अडीच बोटं उतरलं!” तलावात रोवलेल्या काठीजवळून नथ्थू ओरडला.

१९५४ सालची उन्हाळ्याची सुट्टी होती. पोंभुर्ण्याजवळच्या एका गावातला तलाव भराभर आटत होता. मासे मेले, तर मासेमारीवर जगणारे कुंताचे वडील उमाजी बिऱ्हाड घेऊन आलापल्लीला लाकूडतोडीला जाणार होते. मग कुंताची शाळा कायमची सुटणार!

“ऊन पिऊन राह्यलं पाणी,” नथ्थू म्हणाला. “सारे मोठे हेच म्हणतेत.”

कुंता काहीतरी पुटपुटली. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांसमोर तिचे शब्द अडकले, वर्ग हसला, तेव्हापासून ती अशीच पुटपुटायची.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळं विणणाऱ्या देवकाबाईंनी मान वर केली. “काय म्हटलं, पोरी?”

“का... काही नाई.”

देवकाबाईंनी जाळं बाजूला ठेवलं आणि त्या तिच्याकडे वळून बसल्या.

“दिवसा दीड बोट उतरते,” कुंता शेवटी म्हणाली. “रात्री एक. पण रात्री ऊन कुठी असते?”

“हो वं!” नथ्थूनं आ वासला.

“मग जाते कुठी?” देवकाबाईंनी विचारलं.

“तुमीच सांगा न, बाई!” कुंता म्हणाली.

“मले काऊन विचारतं? तूच शोध.”

दोघं पाळीखाली उतरली. शेतं भेगाळलेली, पण कालव्यात मात्र हिरवंगार गवत! नथ्थूनं पळसाची वाळकी पानं सारली. खालून आवाज न करता पाणी वाहत होतं!

पाण्याच्या उलट्या दिशेनं ती तुडुमाशी पोचली. तलावातलं पाणी शेताला सोडायची ती दगडी वाट. तिच्या तोंडातून कुजलेलं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, लोंबत होतं! बुडी मारून तलावाच्या बाजूनं लाकडी बूच ठोकायचं, वर चिकणमाती थापायची, हे गावचं पाणी सोडणाऱ्या इस्तारीचं काम. पण दिवाळीनंतर दंडार, म्हणजे गावचं लोकनाट्य, पाहायच्या घाईत त्यानं काठावरूनच बांबूनं तणसाचा बोळा कोंबला होता.

“मी सांगतो साऱ्याईले!” नथ्थू उड्या मारत म्हणाला.

“शोधलं कोणं?” पाळीवरून देवकाबाईंनी विचारलं.

“माह्याच्यानं नाई होत,” कुंता कुजबुजली.

“आधी त्या बगळ्याले सांग. तो हासत नाई.”

कुंतानं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा बगळा उडालाच!

“भेला तो!” नथ्थू हसला. कुंताही हसली.

संध्याकाळी चावडीवर कुंता सांगायला उभी राहताच इस्तारी म्हणाला, “उन्हानंच आटलं, बाप्पा! पोट्टीले काय समजते?”

कुंताचे शब्द पुन्हा अडकले. नथ्थूनं तोंड उघडलं, तसा देवकाबाईंनी त्याचा खांदा दाबला. कुंतानं श्वास घेतला आणि बोटांची मापं सांगितली, गवत सांगितलं, तणस सांगितलं. मग म्हणाली, “ऊन रात्री झोपते, इस्तारीभाऊ. तुमचं तुडूम नाई झोपत!”

चावडी खदखदून हसली. यावेळी इस्तारीला!

“इतक्या मोठ्या माणसाईत हे कोणाले नाई सुचलं,” पाटील म्हणाले. “शाब्बास, पोरी!”

“तुडूम बुजलं, तर मी आलापल्लीले जात नाई,” उमाजी लेकीकडे पाहत म्हणाले.

सकाळी इस्तारीनं बुडी मारली. बूच ठोकलं, माती थापली आणि धापा टाकत तो वर आला. “झालं का?”

सारा गाव कुंताकडे बघू लागला. ती कालव्यात वाकली आणि पाळीपलीकडे ऐकू जाईल अशी ओरडली, “नाई! अजून पाझरते! आणखी माती लावा!”

इस्तारी निमूटपणे पुन्हा पाण्यात शिरला.